गोठलेले सरबत : एका गारव्याचा इतिहास

चैत्रातल्या हळदीकुंकवाला पन्हे आणि भर उन्हात दारी आलेल्याला लिंबाचे सरबत, हे दोन रिवाज महाराष्ट्र सोडून शेकडो कोस दूर येऊन राहिलेल्या आपल्या कुटुंबांनी निष्ठेने सांभाळले आहेत. कैरी वेळेवर बाजारात आली नाही तर पन्ह्याचा बेत आठ दिवस पुढे ढकलावा लागतो. लिंबाची मात्र तशी अडचण पडत नाही. देशाच्या कोणत्याही गावात लिंबू, साखर आणि मीठ मिळतेच. अलीकडे या घरगुती सरबताला एक प्रतिस्पर्धी उत्पन्न झाला आहे. लग्नाच्या मेजवान्यांतून आणि मोठ्या हॉटेलांतून काचेच्या पेल्यात ‘सॉर्बे’ नावाचा बर्फाळ पदार्थ दिला जातो. घरातील मुले तो घरी करण्याचा हट्ट धरतात, आणि वडीलधारी मंडळी ‘हे साहेबी खाणे आपल्याला कशाला?’ म्हणून नाक मुरडतात. हा वाद रसनेचा असता तर त्यात पडण्याचे कारण नव्हते. परंतु त्यात ‘आपले’ काय आणि ‘परके’ काय, असा प्रश्न गुंतलेला आहे, आणि परमुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तो प्रश्न पन्ह्यासरबतापुरताच पडतो असे नाही. म्हणून त्याचा निवाडा इतिहासाकडून करून घेणे बरे.

प्रथम शब्दाचीच चौकशी करू. अरबी भाषेत ‘शरिब’ म्हणजे पिणे. त्या धातूपासून ‘शर्बत’ झाला, ‘शराब’ झाला आणि युरोपात जाऊन ‘सिरप’ही झाला. शर्बत फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि मराठी जिभेने त्याचे ‘सरबत’ केले. तोच शब्द तुर्कांकडून इटलीत पोचला तेव्हा ‘सोर्बेत्तो’ झाला, आणि फ्रेंचांनी त्याची शेपटी कापून ‘सॉर्बे’ केला. म्हणजे सरबत आणि सॉर्बे हे सख्खे भाऊ. एक पूर्वेच्या आजोळी वाढला, दुसरा पश्चिमेच्या.

साखरेची कथा तर याहूनही आपल्या जवळची आहे. संस्कृत ‘शर्करा’ फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’ आणि इटालियनमध्ये ‘झुक्केरो’ झाली. इंग्रजांची ‘शुगर’ हे तिचेच रूप, आणि त्यांची ‘कँडी’ म्हणजे आपला ‘खंड’. लिंबाचे म्हणाल तर इटलीचे पिवळे, जाड सालीचे लिंबू आणि आपले कागदी लिंबू ही दोन निराळी फळे आहेत. पण वनस्पतिशास्त्रज्ञांनी अलीकडे त्यांची अनुवंशिक तपासणी केली, तेव्हा दोन्ही संकरित असून दोघांच्या मातृकुळी निरनिराळ्या आहेत आणि बाप मात्र एकच, महाळुंग, असे निष्पन्न झाले. महाळुंग म्हणजे कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हाती असलेले ते फळ.

लिंबू, साखर आणि पाणी यांचा मिलाफ आपल्याकडे अरबी शब्द येण्यापूर्वीही होता. त्याचे नाव ‘पानक’. आपले पन्हे ते हेच. सोळाव्या शतकातील भावमिश्रांच्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात लिंबाच्या पानकाचे प्रमाण स्पष्ट दिलेले आहे : एक भाग लिंबाचा रस, सहा भाग साखरेचे पाणी, आणि वर लवंग व मिरे. हे प्रमाण वाचकांनी ध्यानात ठेवावे, पुढे त्याचे काम पडणार आहे. मराठ्यांच्या दरबारातील अठरा कारखान्यांच्या ज्या याद्या मिळतात, त्यांत शरबतखाना आणि आबदारखाना अशी दोन्ही नावे आहेत. पिण्याच्या पाण्याची व्यवस्था हा राज्यकारभारातील एक स्वतंत्र विभाग होता, ही गोष्ट आज नळाखाली भांडे धरणाऱ्या आपल्याला नवलाची वाटेल.

येथवर सरबत केवळ पेय आहे. ते गोठावयाचे तर थंडी हवी, आणि खरा इतिहास या थंडीचाच आहे.

वाळा घातलेले मातीच्या सुरईतील पाणी गार होते, पण गोठत नाही. गारव्याची दुसरी पायरी सोऱ्याने गाठली. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो, म्हणून ते पाणी हाताला झोंबण्याइतके थंड पडते. अबुल फजलच्या ‘आइन-ए-अकबरी’त याची कृती दिलेली आहे. एक शेर पाणी धातूच्या सुरईत घालून तिचे तोंड बंद करावे. दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकावा. त्यात ती सुरई पाव तास फिरवीत राहावे. तोफेच्या दारूत जो आग भडकवितो तोच सोरा बादशहाचे पाणी गार करतो, या विरोधाभासाकडेही अबुल फजलने लक्ष वेधले आहे. पुढे १५८५ च्या सुमारास अकबराचा मुक्काम पंजाबात गेल्यावर लाहोरला डोंगरातून बर्फ येऊ लागले. सुमारे पंचेचाळीस कोसांवरून ते माणसांच्या खांद्यावरून, गाड्यांतून आणि नदीतून नावांनी आणले जाई. उन्हाळ्यात सर्व दर्जाचे लोक बर्फ वापरतात आणि अमीर-उमराव बारा महिने वापरतात, असे आइनमध्ये लिहिले आहे. त्यातले ‘सर्व दर्जाचे लोक’ हे दरबारी लेखकाच्या लेखणीचे औदार्य असावे, असे मला वाटते.

याच शतकात इटलीतही सोऱ्याचे प्रयोग चालले होते. ब्लास व्हिलाफ्रांका नावाच्या स्पॅनिश वैद्याने १५५० मध्ये रोम येथे सोऱ्याने पेये गार करण्याच्या पद्धतीवर पुस्तक प्रसिद्ध केले. नेपल्सच्या जाम्बात्तिस्ता देल्ला पोर्ता याने आपल्या ग्रंथाच्या १५८९ च्या आवृत्तीत त्याच्याही पुढे जाऊन हिम आणि सोरा एकत्र करून पेल्यातील मद्य गोठविण्याची रीत सांगितली. पुढे असे ध्यानात आले की महाग सोऱ्याची गरज नाही, साधे मीठही तेच काम करते. मीठ बर्फात मिसळले की बर्फ वितळू लागते. वितळण्यासाठी लागणारी उष्णता ते शेजारच्या भांड्यातून ओढून घेते. आणि खारे पाणी शून्य अंशाखाली जाऊनही गोठत नाही, म्हणून ही ओढ चालूच राहते. शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरण्याची ताकद या साध्या मिश्रणात आहे.

सरबत हा शब्द, साखर, लिंबू आणि खारे बर्फ यांची गाठ नेपल्समध्ये पडली. अंतोनियो लातिनी हा तेथील एका मोठ्या घराण्याचा कारभारी. त्याच्या १६९२ ते १६९४ या काळात प्रसिद्ध झालेल्या दोन खंडांच्या पाकग्रंथात लिंबाच्या सॉर्बेची कृती आहे. नेपल्सचा प्रत्येक माणूस ही विद्या जन्मतःच घेऊन येतो, असेही तो कौतुकाने म्हणतो. तेथे हिमाचा मोठा व्यापार होता. सिसिलीत तर एटना ज्वालामुखीवरचे हिम हे काटानियाच्या बिशपच्या उत्पन्नाचे साधन होते. लाहोरचे बर्फ काय नि काटानियाचे काय, थंडीवर कोणाची तरी मालकी होतीच.

फ्रान्सला हा पदार्थ कातरीना दे मेदिची हिने लग्नात नेला, किंवा मार्को पोलोने त्याची कृती चीनमधून आणली, या कथा पुष्कळ ठिकाणी छापलेल्या सापडतात. त्यांना समकालीन आधार नाही. इंग्रज लेखिका एलिझाबेथ डेव्हिड हिने बर्फाच्या इतिहासावरील आपल्या १९९४ च्या ग्रंथात त्यांची चांगली झडती घेतली आहे. मात्र फ्रान्चेस्को प्रोकोपिओ या सिसिलीच्या माणसाने १६८६ मध्ये पॅरिसला उघडलेले कॉफीगृह प्रसिद्धच आहे. असो. ‘सारे आमचेच होते’ असे म्हणण्याची आपल्याकडे हौस असते, तिला येथे आवर घालावयास हवा. साहित्य पूर्वेचे होते, नावही पूर्वेचे होते. पण चमच्याने खाण्याजोगे मऊ, बारीक कणांचे सरबत करून त्याचे शास्त्र बांधण्याचे श्रेय नेपल्सच्या कारागिरांना दिलेच पाहिजे.

तथापि आपल्या देशात गोठलेले सरबत साहेबाच्या जहाजातून उतरले, असे समजणेही तितकेच चुकीचे ठरेल. १७७५ हे वर्ष या दृष्टीने विलक्षण आहे. त्या वर्षी नेपल्समध्ये फिलिप्पो बाल्दिनी या वैद्याचा सॉर्बेच्या औषधी गुणांवरचा ग्रंथ निघाला. आणि त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात सर रॉबर्ट बार्कर याचा हिंदुस्थानात बर्फ कसे करतात यावरील लेख छापला गेला. हा बार्कर आपल्या इतिहासात अपरिचित नाही. बंगालच्या इंग्रजी फौजेचा तो सेनापती होता. मराठ्यांना हुसकावून लावण्यासाठी अयोध्येचा नवाब आणि रोहिले यांच्यात १७७२ मध्ये जो तह झाला, तो त्याच्या साक्षीने झाला. महादजी शिंद्यांच्या पाठबळावर शाह आलम बादशहा १७७१ मध्ये अलाहाबाद सोडून दिल्लीस निघाला, त्याच काळात हा सेनापती अलाहाबादेस बर्फ कसे गोठते ते बारकाईने पाहत होता.

अलाहाबाद म्हणजे आताचे प्रयागराज. तेथे हिमाचा डोंगर जवळ नाही, आणि कडाक्याच्या थंडीतही डबक्यातले पाणी गोठल्याचे बार्करने पाहिले नव्हते. तरीही डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तेथील लोक उघड्या माळावर बर्फ पिकवीत. ‘पिकवीत’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो, कारण ती एक शेतीच होती. सुमारे तीस फूट लांबरुंद आणि दोन फूट खोल खड्डे खणावयाचे. त्यांच्या तळाशी वीतभर जाडीचा उसाच्या वाळल्या चिपाडांचा किंवा मक्याच्या ताटांचा थर पसरावयाचा. त्यावर न झिलईचे, सव्वा इंच खोलीचे मातीचे परळ ओळीने मांडावयाचे. दिवस मावळताना त्यांत उकळून निवविलेले पाणी ओतावयाचे. रात्र निरभ्र आणि वारा मंद असला, तर पहाटेपर्यंत परळांत बर्फाच्या चकत्या धरत. ढग आले किंवा वारा सुटला की त्या रात्रीचे पीक बुडाले.

हवा शून्यावर असताना पाणी गोठते कसे, हे कोडे त्या काळच्या विद्वानांना पुष्कळ दिवस छळीत होते. त्याचा उलगडा विल्यम चार्ल्स वेल्स या वैद्याने दवावरच्या आपल्या १८१४ च्या निबंधात केला. निरभ्र रात्री उथळ पाणी आपली उष्णता सरळ आकाशाकडे उत्सर्जित करते, आणि खालची चिपाडे जमिनीची ऊब वर येऊ देत नाहीत. अलाहाबादच्या बर्फवाल्यांना उत्सर्जनाचा सिद्धांत ठाऊक नव्हता, पण त्यासाठी जे जे करावयास हवे ते सर्व त्यांच्या हाताला ठाऊक होते.

सूर्य क्षितिजावर येण्यापूर्वी ती परळे रिकामी करावी लागत. माघाच्या पहाटे बर्फाच्या चकत्या हातांनी उचलून टोपल्यांत भरावयाच्या, चौदा-पंधरा फूट खोल कोठारात ओतावयाच्या आणि धुम्मसने ठोकून त्यांचा एकजीव गोळा करावयाचा. कोठाराला आतून गवताचे आणि घोंगड्यांचे अस्तर असे. हे काम करणाऱ्यांची नावे बार्करने दिलेली नाहीत. ‘माझा बर्फ करणारा’ एवढाच त्याचा उल्लेख येतो, आणि त्या एका माणसाच्या कौशल्यावर साहेबाच्या टेबलाची सबंध उन्हाळ्याची बेगमी होत असे. फॅनी पार्क्स या इंग्रज बाईने १८५० मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासग्रंथातही अलाहाबादच्या बर्फाच्या खड्ड्यांचे वर्णन आहे. म्हणजे ही रात्रीची शेती एकोणिसाव्या शतकातही चालू होती.

आपल्या विषयाच्या दृष्टीने बार्करच्या लेखाचा शेवट सर्वांत महत्त्वाचा. साठविलेल्या या बर्फाने उन्हाळ्यात काय करीत, ते तो सांगतो. सरबत किंवा साय पातळ चांदीच्या निमुळत्या पेल्यांत भरीत. एकात साधारण अर्धा लिटर मावे. झाकण कणकेने लिंपून घेत. मग बर्फ, आणि सोरा व मीठ समभाग, यांनी भरलेल्या मोठ्या भांड्यात थोडे पाणी घालून ते पेले ठेवीत. थोड्याच वेळात आतला ऐवज युरोपातील आइस्क्रीमसारखा होई. नुसते पाणी ठेवले तर मात्र ते इतके टणक गोठे की फोडावयास हातोडा लागे. कुल्फीचा साचा ज्याने पाहिला आहे त्याला या निमुळत्या पेल्याची ओळख पटावयास वेळ लागणार नाही. अमेरिकेचे बर्फ हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागण्याच्या साठ वर्षे आधी गंगायमुनेच्या काठी सरबत गोठत होते, याचा हा एका परक्याने लिहिलेला दाखला आहे.

ते अमेरिकेचे बर्फ १८३३ च्या सप्टेंबरात आले. बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याचे ‘टस्कनी’ जहाज मे महिन्यात १८० टन बर्फ घेऊन निघाले होते. चार महिन्यांच्या प्रवासानंतर कलकत्त्याला त्यातले सुमारे १०० टन शिल्लक उरले होते. हाही एक चमत्कारच. पुढल्या वर्षी, म्हणजे १८३४ मध्ये, मुंबईलाही बर्फ उतरले. त्यानंतर जमशेटजी जिजीभाईंनी आपल्या मेजवानीत आइस्क्रीम वाढले, आणि यजमान व पाहुणे दोघांनाही पडसे झाल्याची बातमी ‘मुंबई समाचार’ने दिली, अशी हकीकत मुंबईच्या जुन्या गॅझेटियरमध्ये नमूद आहे. उन्हाळ्यात मुलांना बर्फाचा गोळा नाकारताना आपण जे कारण सांगतो, त्याला अशी दोनशे वर्षांची परंपरा लाभली आहे! मद्रासला १८४२ मध्ये समुद्रकाठी बांधलेले ट्यूडरचे बर्फघर अजून उभे आहे. स्वामी विवेकानंद १८९७ मध्ये तेथे राहिले, म्हणून आज ते विवेकानंदांच्या नावाने ओळखले जाते. मद्रासवासी मराठी मंडळींपैकी कितीजणांनी त्या वास्तूच्या गोल भिंतींकडे बर्फाच्या दृष्टीने पाहिले असेल, कोण जाणे.

१८७० नंतरच्या दहापंधरा वर्षांत यंत्राने बर्फ करण्याचे कारखाने आपल्या बंदरांत निघाले आणि अमेरिकेचा व्यापार बसला. परळ मांडणारे हातही त्याबरोबर रिकामे झाले. पण भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी आता पैसेवाल्यापुरती राहिली नाही, ती पेठेत आली आणि पेठेतून घरी आली. न्यान्सी जॉन्सन या अमेरिकन बाईने १८४३ मध्ये दांड्याने फिरविण्याच्या आइस्क्रीमच्या भांड्याचे पेटंट घेतले होते. लाकडी बादली, मधे धातूचा डबा आणि वर दांडा, असा तो पॉट मे महिन्यात भाड्याने आणून अंगणात सगळ्या भावंडांनी आळीपाळीने फिरविल्याचे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. बादशहाच्या आबदारखान्याचे काम तेव्हा घरातली दहा वर्षांची पोरे करीत होती.

ज्या घरात तो पॉट अजून आहे, किंवा ज्यांच्याकडे केवळ फ्रीज आहे, त्यांच्यासाठी कृती देतो. २५० ग्रॅम साखर ६०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून एक उकळी आणावी आणि पूर्ण निवू द्यावी. हा सुमारे पाऊण लिटर पाक होतो. त्यात सात-आठ कागदी लिंबांचा १२५ मिलिलिटर रस गाळून घालावा. पाहा, हे भावमिश्रांचे एकास सहा असेच प्रमाण झाले. रस कधीही उकळत्या पाकात घालू नये, चव उतरते. सालीचा सुवास हवा असेल तर पिवळ्या, पिकल्या लिंबाची वरची पातळ सालच अगदी थोडी किसावी; खालचा पांढरा भाग आला की कडूपणा आलाच. चिमूटभर मीठ घालावे. नेहमीच्या सरबतापेक्षा हे मिश्रण जिभेला जास्त गोड आणि जास्त आंबट लागेल, ते तसेच असू द्यावे, कारण थंडीत जीभ बधिर होते आणि दोन्ही चवी मंद पडतात.

साखर कमी करण्याचा मोह मात्र टाळावा. ती येथे गोडीसाठी जितकी आहे तितकीच मऊपणासाठी आहे. पाणी गोठत जाते तसतसा उरलेला पाक दाट होतो आणि तो गोठत नाही. बर्फाच्या कणांमध्ये तो राहतो, म्हणून चमचा आत जातो. साखर तोडली की बार्करचा हातोडा शोधावा लागेल. उलट ती फार झाली तर मिश्रण गोठणारच नाही. मधुमेही मंडळींनी हा पदार्थ लहान वाटीतून, तोही वैद्याला विचारूनच, घ्यावा हे उत्तम.

पॉट असल्यास कुटलेल्या बर्फाचे तीन भाग आणि जाड्या मिठाचा एक भाग, असे थर डब्याभोवती द्यावेत. मिश्रण आधी फ्रीजमध्ये चांगले गार केलेले असावे. डब्याच्या झाकणावरून खारे पाणी आत उतरणार नाही याची काळजी घेऊन वीस ते तीस मिनिटे दांडा सारखा फिरवावा. फिरविण्याने कण बारीक राहतात. हात थांबला की ते मोठे होतात. पॉट नसेल तर पसरट स्टीलच्या डब्यात मिश्रण ओतून ते बर्फाच्या कप्प्यात ठेवावे, आणि कडा धरू लागल्या की दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडून मधे ओढावे. असे चार-पाच वेळा केले की झाले. पॉटइतका मऊपणा याला येत नाही, ते थोडे रवाळ राहते.

वाढण्यापूर्वी वाट्या गार करून ठेवाव्यात. लवंगेची आणि मिऱ्याची पूड मिश्रणात घालू नये, रंग मळतो. ती वाटीत वाढल्यावर वरून अगदी चिमटीने भुरभुरावी.